कियारी मालफॉर्मेशनचं ऑपरेशन: सांगली-मिरजेतले पेशंट आणि घरचे नेहमी विचारतात ते प्रश्न

मी न्यूरो-फिजिओथेरपिस्ट आहे. उपचारांसाठी मिरज-सांगलीला जत, आटपाडी, तासगाव, कवठेमहांकाळहून माणसं येतात, पलीकडून विजापूर-बेळगावकडचीही येतात. मान आणि मणक्याची ऑपरेशनं झालेले पेशंट माझ्याकडे व्यायामाला असतात. ऑपरेशनची तारीख मिळालेले, घाबरलेले नातेवाईकही येऊन बसतात आणि डॉक्टरांसमोर विचारायचं राहून गेलेलं मला विचारतात. कियारी म्हणजे लहान मेंदूची खालची टोकं कवटीच्या तळातून मानेत उतरणं. त्याच्या ऑपरेशनबद्दलच्या प्रश्नांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत. तुमच्या पेशंटचा निर्णय त्याला तपासलेले न्यूरोसर्जनच घेतील. त्यांच्यासमोर बसल्यावर काय विचारायचं हे तुम्हाला ठाऊक असावं, म्हणून हे लिहिते आहे.

एमआरआयच्या रिपोर्टमध्ये ‘कियारी वन’ लिहून आलंय. म्हणजे ऑपरेशन करावंच लागणार का?

नाही. हे पहिल्यांदा नीट मनात बसू द्या, कारण रिपोर्ट हातात पडल्या दिवसापासून घरात रडारड सुरू होते. दुसऱ्याच कारणासाठी डोक्याचा एमआरआय काढलेल्या शंभर माणसांत एखाद्याच्या तरी रिपोर्टमध्ये हे सापडतं आणि त्यातल्या बऱ्याच जणांना आयुष्यभर काहीही त्रास होत नाही. त्रास नाही आणि मज्जारज्जूत पाणी साचलेलं नाही, अशा माणसाचं ‘पुढे काही होऊ नये’ म्हणून ऑपरेशन करत नाहीत. अशा वेळी डॉक्टर लक्षणं समजावून सांगतात, काही काळाने पुन्हा तपासायला बोलावतात, गरज वाटली तर एमआरआय परत काढतात.

ऑपरेशन ठरतं ते त्रास कोणता आहे, तो वाढतोय का आणि मज्जारज्जूला इजा होते आहे का, यावरून. या पानावरची बाकीची सगळी उत्तरं याच गोष्टीभोवती फिरतात.

पण हा आजार आहे तरी काय?

कवटीच्या तळाला एक मोठं भोक असतं. त्यातून मेंदूचा देठ खाली उतरतो आणि मानेतला मज्जारज्जू सुरू होतो. लहान मेंदूची खालची दोन टोकं या भोकाच्या वर राहायला हवीत. कियारीमध्ये ती भोकातून खाली मानेत उतरलेली असतात. त्यांनाही टॉन्सिलच म्हणतात, पण घशातल्या टॉन्सिलशी त्यांचा काही संबंध नाही. बहुतेकांमध्ये मूळ अडचण अशी असते की कवटीचा मागचा कप्पा जन्मतःच लहान असतो आणि मेंदूला त्यात पुरेशी जागा मिळत नाही.

मेंदू आणि मणक्याभोवती फिरणारं पाणी, डॉक्टर ज्याला सीएसएफ म्हणतात, ते हृदयाच्या प्रत्येक ठोक्याबरोबर याच भोकातून खालीवर होत असतं. पाटाच्या तोंडाशी ढेकूळ अडकलं की पाणी बांध पोखरून भलतीकडे शिरतं, तसं काहीसं इथे होतं. वाट अडल्यामुळे मज्जारज्जूच्या आतच पाण्याची पोकळी तयार होते. तिला सिरिंक्स म्हणतात आणि त्या आजाराला सिरिंगोमायलिया. ही पोकळी मज्जारज्जूतल्या नसा आतून ताणते, म्हणून डॉक्टरांचं लक्ष खाली उतरलेल्या टोकांइतकंच या पोकळीवर असतं.

हान्स कियारी या पॅथॉलॉजिस्टने १८९१ मध्ये प्राग शहरात याचं वर्णन केलं, त्यावरून हे नाव पडलं. मोठ्या माणसांत बहुतेक वेळा दिसतो तो पहिला प्रकार. दुसरा प्रकार पाठीवर गाठ किंवा उघडी जखम, म्हणजे स्पायना बायफिडा, घेऊन जन्मलेल्या बाळांमध्ये असतो. तिसरा आणि चौथा फार क्वचित आढळतात.

रिपोर्टमध्ये १२ मिलिमीटर लिहिलंय. शेजारच्यांच्या मुलाला ६ होतं आणि त्याचं ऑपरेशन झालं. मग आमचं जास्त गंभीर ना?

मिलिमीटरवरून असं ठरत नाही. साधारण ५ मिलिमीटर किंवा त्याहून जास्त खाली आलं की रेडिओलॉजिस्ट ‘कियारी वन’ लिहितात. तो आकडा निदानासाठी आहे, आजार किती गंभीर आहे हे त्यावरून कळत नाही. १२ मिलिमीटर असून शेतात दिवसभर राबणारी माणसं आहेत आणि ४ मिलिमीटर असूनही मोठा सिरिंक्स झालेली आहेत. लहान मुलांत थोडं खाली असणं वयानुसार साधंही असू शकतं. आकडा कितीही असला तरी डॉक्टरांना विचारायचे प्रश्न हे: सिरिंक्स आहे का, पाण्याची वाट किती अडली आहे, मेंदूच्या देठावर दाब आहे का, कवटी-मानेच्या सांध्याची हाडं जागेवर आहेत का?

कोणता त्रास असला की ऑपरेशन हवं असं डॉक्टर म्हणतात?

डोकेदुखी तर निम्म्या गावाला असते, म्हणून ती कशी दुखते ते सांगा. कियारीची खरी डोकेदुखी डोक्याच्या मागे, मानेच्या वर होते. खोकला, शिंक, मोठ्याने हसणं, संडासला जोर करणं, वाकून पोतं उचलणं, असं काही केलं की कळ उठते आणि काही सेकंदांत किंवा मिनिटांत ओसरते. अशी डोकेदुखी ऑपरेशनने चांगली कमी होते. दिवसभर कपाळ ठणकतं, उजेड सोसत नाही, मळमळतं, ही बहुतेकदा अर्धशिशी असते. ती कियारीसोबत असू शकते, पण तिच्यासाठी कवटी उघडून उपयोग होईलच असं नाही. हा फरक न करता ऑपरेशन झालेल्यांची निराशा मी पाहिली आहे, म्हणून एवढं लांबण लावून सांगते आहे.

दुसरी लक्षणं मज्जारज्जूची. हाताची पकड ढिली होणं, अंगठ्याजवळचा मांसल भाग सुकणं, चालताना तोल जाणं, पाय आखडणं. आणि एक लक्षण आपल्याकडे हमखास सुटतं: गरम-गार आणि दुखणं कळेनासं होतं, पण स्पर्श कळतो. तासगावकडच्या एका मावशी ‘हात जड वाटतोय’ म्हणून आल्या होत्या. उजव्या हाताच्या बोटांवर भाजल्याचे जुने-नवे डाग होते. तव्यावरची भाकरी त्या बोटांनीच उलटायच्या, आणि हात राठ झालेत म्हणून चटका बसत नाही, असं घरात सगळ्यांनी धरलं होतं. मी कापसाचा बोळा टेकवला की त्या लगेच ‘लागला’ म्हणायच्या. गार पाण्याचा स्टीलचा पेला टेकवला, तर तो गार आहे की कोमट हे त्यांना सांगता येईना. सिरिंक्स मज्जारज्जूच्या मधोमध असतो आणि तापमान-वेदनेच्या नसा तिथूनच ओलांडून पलीकडे जातात, म्हणून आधी त्याच बिघडतात. भाजल्याचं कळत नाही अशी तक्रार कोणी केली, तर मलमावर थांबू नका, न्यूरोच्या डॉक्टरांना दाखवा.

तिसरा गट मेंदूच्या देठाचा: गिळताना ठसका लागणं, आवाज घोगरा होणं, झोपेत श्वास थांबणं, डोळे खालीवर हलून समोरचं हलताना दिसणं. ही लक्षणं असतील तर ‘बघू पुढच्या महिन्यात’ असं करू नका.

ऑपरेशनआधी इतक्या तपासण्या का सांगतात? एक एमआरआय पुरत नाही का?

नुसत्या मेंदूचा एमआरआय पुरत नाही. सिरिंक्स कुठपर्यंत उतरला आहे ते बघायला मानेचा आणि बहुतेकदा पूर्ण मणक्याचा एमआरआय लागतो. सीएसएफ कसं वाहतंय हे दाखवणारा सिने-एमआरआय काही डॉक्टर सांगतात. मान पुढे-मागे वाकवून काढलेले एक्स-रे आणि कवटी-मानेच्या सांध्याचा सीटी स्कॅनही बऱ्याचदा लागतो, त्याचं कारण पुढे स्क्रूच्या प्रश्नात सांगितलं आहे. पेशंट झोपेत घोरतो, मध्येच श्वास थांबतो असं घरच्यांनी पाहिलं असेल, तर झोपेची तपासणी होते. भूल देणाऱ्या डॉक्टरांना हे आधी कळणं फार महत्त्वाचं असतं.

तपासण्यांचा आणखी एक फायदा म्हणजे नकली कियारी पकडता येतो. कवटीत पाणी वाढलं असेल, गाठ असेल, तर वरून दाब येऊन टॉन्सिल खाली ढकलले जातात. उलट मणक्यातून सीएसएफ गळत असेल तर मेंदू खाली खेचला जातो. अशा माणसाला उभं राहिलं की डोकं दुखतं आणि आडवं झालं की बरं वाटतं. या लोकांमध्ये मूळ कारणावर इलाज करायचा असतो, मागची कवटी उघडायची नसते.

ऑपरेशनमध्ये नेमकं काय करतात?

याला पोस्टिरियर फॉसा डिकंप्रेशन म्हणतात, म्हणजे मागच्या कप्प्याला जागा करून देणं. पेशंटला पूर्ण भूल देऊन पालथं झोपवतात आणि डोकं तीन पिनांच्या चौकटीत पक्कं धरतात. नंतर कपाळावर किंवा कानामागे पिनांच्या बारीक खुणा दिसतात, त्या याच असतात. मागच्या बाजूने मधोमध उभा छेद घेतात. सगळं डोकं भादरत नाहीत, मागचे केस तेवढे काढतात.

स्नायू बाजूला करून कवटीच्या मोठ्या भोकाच्या मागच्या कडेचं हाड साधारण ३ सेंटिमीटर काढतात. मानेच्या पहिल्या मणक्याची मागची कमानही बहुतेक वेळा काढतात. हे हाड परत बसवत नाहीत, कारण जागा मोकळी राहावी हाच हेतू असतो. ‘मग तिथे मेंदू उघडाच राहतो का?’ असं सगळेच विचारतात. तसं नसतं. मानेचे जाड स्नायू त्यावर परत शिवलेले असतात. हाड वाजवीपेक्षा मोठं काढलं तर लहान मेंदूच खाली घसरायचा धोका असतो, म्हणून सर्जन मोजूनमापून तेवढंच काढतात.

मेंदूचं आवरण उघडायचं की नाही? एक डॉक्टर हो म्हणाले, दुसरे नको म्हणाले.

दोघेही चुकीचं सांगत नसतील. या आजाराच्या शस्त्रक्रियेत खरी निवड इथेच असते.

हाडाच्या आत ड्युरा नावाचं जाड आवरण असतं. पहिल्या पद्धतीत फक्त हाड आणि त्याखालचा घट्ट पट्टा काढतात, ड्युरा शाबूत ठेवतात किंवा त्याचा नुसता वरचा थर सैल करतात. ऑपरेशन लवकर आटोपतं, सीएसएफ गळणं आणि मेनिंजायटिस (मेंदूच्या आवरणाला येणारी सूज) असले त्रास कमी होतात, पेशंट लवकर घरी जातो. दुसऱ्या पद्धतीत ड्युरा उघडून त्यात ठिगळ शिवतात आणि पिशवी मोठी करतात. हिला ड्युराप्लास्टी म्हणतात. यात पाण्याची वाट अधिक खात्रीने मोकळी होते, सिरिंक्स आटण्याची शक्यता जास्त असते आणि पुन्हा ऑपरेशन लागण्याचं प्रमाण कमी असतं. त्या बदल्यात सीएसएफशी संबंधित गुंतागुंत वाढते. आजवरच्या अभ्यासांमधून हेच चित्र दिसतं, आणि अमेरिकेतल्या न्यूरोसर्जन संघटनेने २०२३ मध्ये काढलेल्या मार्गदर्शक सूचनांमध्येही पहिलं ऑपरेशन म्हणून दोन्ही पद्धती मान्य आहेत.

म्हणून व्यवहारात बऱ्याच ठिकाणी असं ठरतं: लहान मूल आहे, सिरिंक्स नाही, मुख्य त्रास खोकल्याच्या डोकेदुखीचा आहे, तर आवरण न उघडता काम भागतंय का बघतात. मोठा सिरिंक्स आहे, हात सुकतोय, किंवा मोठ्या माणसात लक्षणं ठळक आहेत, तर ड्युराप्लास्टीकडे कल असतो. आवरण उघडल्यावर आतली चिकट जाळी सोडवतात. टॉन्सिल फारच खाली आले असतील तर त्यांची टोकं बारीक करंटने आकुंचित करतात. ‘मेंदू जाळतात’ असं ऐकून घरचे हादरतात, पण त्या टोकांचं वाट अडवण्यापलीकडे फारसं काम उरलेलं नसतं.

मला विचाराल तर, सर्जनला ‘तुम्ही आवरण उघडणार आहात का, आणि आमच्या पेशंटमध्ये का?’ एवढं जरूर विचारा. कारणासह उत्तर मिळालं की तुमच्याही मनाची तयारी होते.

ठिगळ कशाचं लावतात?

पेशंटच्याच कवटीवरच्या पातळ पडद्याचं, कधी मांडीतल्या पडद्याचं, किंवा तयार मिळणारं. तयार ठिगळांत कृत्रिम असतात तसे प्राण्यांच्या ऊतीपासून, म्हणजे गाय-बैलाच्या हृदयावरच्या आवरणापासून, बनवलेलेही असतात. काही घरांत हा श्रद्धेचा प्रश्न असतो आणि ऑपरेशननंतर कळलं तर मन दुखावतं. आधीच मोकळेपणाने सांगा. स्वतःचा पडदा वापरायचा पर्याय असतो आणि सांगितल्यावर डॉक्टर त्याचा मान राखतात.

आम्हाला स्क्रू बसवायचे सांगितलेत. कियारीत स्क्रू कशाला?

आपल्याकडे हे नीट समजून घ्यायला हवं, कारण कवटी आणि मान जिथे जुळते त्या सांध्याचे जन्मजात दोष भारतात बऱ्यापैकी दिसतात. मान आखूड, मागचे केस फार खालपर्यंत, मान वळवायला त्रास, अशा पेशंटमध्ये मानेच्या दुसऱ्या मणक्याचं दातासारखं टोक वर कवटीच्या भोकात घुसलेलं असू शकतं, किंवा पहिला-दुसरा मणका एकमेकांवरून सरकत असतात. म्हणजे दाब पुढून आहे. अशा पेशंटला नुसतं मागून मोकळं केलं तर सांधा अजून ढिला होतो आणि तब्येत बिघडू शकते. तिथे आधी मणके जागेवर आणून स्क्रू आणि सळ्यांनी पक्के करावे लागतात. क्वचित पुढून, तोंडातून किंवा नाकातून दुर्बिणीने, ते टोक काढावं लागतं.

पहिल्या आणि दुसऱ्या मणक्यात स्क्रू बसवून सांधा पक्का करायची जी पद्धत आज जगभर वापरतात, ती मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. अतुल गोयल यांनी १९९४ मध्ये मांडली. त्यांनी २०१५ मध्ये त्यापुढचं मत मांडलं: कियारीचं मूळच या सांध्याच्या ढिलेपणात आहे, म्हणून हाड न काढता फक्त सांधा पक्का करावा. ढिलेपणा स्पष्ट दिसतो तिथे स्क्रू लागतात, यावर फारसा वाद नाही. साध्या कियारीतही प्रत्येकाला स्क्रू हवेत, हे मत मात्र सगळे सर्जन मान्य करत नाहीत. स्क्रू घातले की मान वळवणं बरंच कमी होतं आणि ते कायमचं असतं. म्हणून ‘ढिलेपणा कोणत्या तपासणीत दिसला?’ हे विचारा आणि तो एक्स-रे किंवा सीटी पडद्यावर बघून घ्या. गरज वाटली तर दुसऱ्या न्यूरोसर्जनचं मत घ्या, त्याने कोणी नाराज होत नाही.

सिरिंक्समधलं पाणी नळी घालून थेट काढून टाकलं तर?

काढता येतं, पण सुरुवात तिथून करत नाहीत. वाट मोकळी केली की बहुतेकांचा सिरिंक्स आपोआप आटत जातो. मज्जारज्जूत नळी घालायची म्हणजे तिथे छेद घ्यावा लागतो आणि नळी पुढे बंदही पडू शकते. डिकंप्रेशन नीट होऊनही सिरिंक्स वाढतच राहिला तर हा मार्ग उरतो.

डॉक्टर म्हणतात आधी डोक्यात शंट टाकू, कियारीचं नंतर बघू. हे बरोबर आहे का?

मेंदूतल्या पोकळ्यांत पाणी वाढलेलं असेल तर बरोबर आहे. वरचा दाब आधी कमी करायचा असतो. त्यासाठी शंट, म्हणजे ते पाणी पोटात सोडणारी नळी, किंवा दुर्बिणीने आतल्या आत वाट करायचं ऑपरेशन असतं. कधी तेवढ्यानेच टॉन्सिल वर सरकतात आणि दुसरं ऑपरेशन लागत नाही.

पाठीच्या तळाशी एक दोरी कापून कियारी बरा होतो, असा व्हिडिओ पाहिला.

मज्जारज्जूच्या टोकाला असलेला तंतू कापायची ही शस्त्रक्रिया आहे. मज्जारज्जू खरोखरच खाली अडकलेला असेल, तर तिला अर्थ आहे. नुसत्या कियारीसाठी ती उपयोगी पडते याचा भक्कम पुरावा नाही. यासाठी जमीन गहाण टाकू नका, परदेशी जाण्याचा विचारही करू नका.

बाळाला पाठीवर गाठ होती, आता कियारी टू सांगितलाय.

अशा बाळात आधी पाठीची जखम बंद करतात, आणि डोक्यात पाणी वाढत असेल तर शंट टाकतात. पुढे बाळ श्वास घेताना घरघर आवाज करायला लागलं, दूध गिळताना गुदमरायला लागलं, रडणं क्षीण झालं, तर सगळ्यात आधी शंट चालू आहे का ते बघतात. शंट बंद पडून हे सगळं होऊ शकतं. तो ठीक असूनही त्रास असेल तरच मानेकडचं ऑपरेशन, आणि तेही ताबडतोब.

गर्भातच ही पाठ शिवायची शस्त्रक्रिया २६ आठवड्यांच्या आत करतात. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकन चाचणीत अशा बाळांना शंट कमी लागला आणि मेंदू खाली उतरण्याचं प्रमाणही घटलं, मात्र वेळेआधी बाळंतपणाचा धोका वाढला. ही सोय मोजक्याच ठिकाणी आहे. त्यापेक्षा हातातली गोष्ट म्हणजे दिवस राहण्याआधीपासून रोज ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड. आधीचं बाळ असं असेल तर डोस बराच जास्त लागतो, तो डॉक्टरांकडून लिहून घ्या.

मुलीच्या पाठीला बाक आला म्हणून नेलं, तर कियारी निघाला. बाकाचं काय?

सिरिंक्समुळे पाठीचे स्नायू दोन्ही बाजूंनी सारखे काम करत नाहीत, त्यातून बाक येतो. आधी डिकंप्रेशन, मग बाकाकडे बघायचं. मूल लहान आणि बाक कमी असेल तर तो थांबतो, कधी सुधारतोही. वयात आलेल्या मुलीचा बाक मोठा असेल तर नंतर त्याचं वेगळं ऑपरेशन लागू शकतं.

धोके काय आहेत? खरं सांगा.

सगळ्यात जास्त दिसतो तो सीएसएफचा त्रास. जखमेतून पाण्यासारखं गळणं, किंवा कातडीखाली पाण्याचा मऊ फुगा येणं. छोटे फुगे आपोआप जिरतात, गळती मात्र लगेच थांबवावी लागते. कारण त्या वाटेने जंतू आत शिरले की मेनिंजायटिस होतो. काहींना जंतू नसतानाही ठिगळामुळे किंवा रक्तामुळे ताप आणि मान आखडणं होतं. ते औषधांनी बसतं, पण घरी बसून ठरवायचं नाही, तपासूनच घ्यायचं. क्वचित डोक्यात पाणी वाढतं, मान ढिली होते, गिळण्यावर किंवा श्वासावर परिणाम होतो. जिवाचा धोका कमी आहे, शून्य नाही. आधीच गिळणं किंवा श्वास बिघडलेल्या पेशंटमध्ये तो जास्त असतो.

ऑपरेशननंतर माणूस पहिल्यासारखा होतो का?

खोकल्याची डोकेदुखी बहुतेकांची लवकर कमी होते, कधी काही दिवसांतच. सिरिंक्स आटायला महिने लागतात. पण सुकलेला स्नायू, गेलेली गरम-गार संवेदना आणि बरीच वर्षं झालेला आखडलेपणा पूर्ण परत येईल असं मी कधीच सांगत नाही. ऑपरेशनचा पहिला हेतू असतो नुकसान तिथेच थांबवणं. त्यापुढे जे सुधारेल ते कमावायचं असतं, आणि त्यात व्यायामाचा मोठा वाटा आहे. वर सांगितलेल्या मावशींची पकड सुधारली, पण चटका अजूनही कळत नाही. त्या आता सांडशीने भाकरी उलटतात आणि आंघोळीचं पाणी डाव्या कोपराने तपासतात. बोटं गेली नाहीत ती या सवयींमुळे. ज्यांची संवेदना गेली आहे त्या प्रत्येकाला मी हेच शिकवते.

म्हणूनच हात सुकायला लागलेला असताना ‘सुगी होऊ दे’, ‘लग्नसराई उरकू दे’ म्हणत वर्ष घालवू नका. गेलेलं सगळं परत मिळत नाही.

मिरज-सांगलीतच करायचं की पुण्या-मुंबईला न्यायचं?

मिरजेला १९६२ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे आणि हा सगळा पट्टा दवाखान्यांचाच आहे. साताऱ्याच्या बाजूला कराडलाही मोठं रुग्णालय आहे. गावाच्या नावावर निर्णय घेऊ नका. विचारा: हे ऑपरेशन तुम्ही नियमित करता का? न्यूरोसाठी आयसीयू आहे का? रात्री त्रास झाला तर सीटी होतो का? साधा पहिला प्रकार अनुभवी न्यूरोसर्जनकडे जवळ होत असेल तर जवळच बरं, कारण टाके, गळती, ताप यांसाठी पुन्हा पुन्हा दाखवावं लागतं. सांध्याचा दोष, दुसऱ्यांदा ऑपरेशन किंवा तान्हं बाळ असेल, तर मोठ्या केंद्राचा विचार करा.

खर्चाचं कसं?

महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत यांमध्ये कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचं संरक्षण आहे. ते फक्त योजनेत असलेल्या रुग्णालयात आणि ठरलेल्या उपचारांना मिळतं, आणि मंजुरी ऑपरेशनच्या आधी लागते. रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला रेशनकार्ड, आधार आणि एमआरआय दाखवून ‘हे ऑपरेशन बसतं का, स्क्रू किंवा ठिगळाचा खर्च त्यात येतो का’ हे विचारून घ्या. धर्मादाय रुग्णालयांना कायद्याने १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बलांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. तिथल्या समाजसेवकाला भेटा, उत्पन्नाचा दाखला लागेल. मुख्यमंत्री सहाय्यता निधीलाही अर्ज करता येतो. कागद जमवायला वेळ जातो, म्हणून निदान झाल्याबरोबर सुरुवात करा.

तोपर्यंत मान मोडून, मालीश करून आराम मिळतो, ते चालेल का?

अजिबात नको. केस कापल्यावर मानेला झटका देऊन कट्कन आवाज काढायची सवय आपल्याकडे सर्रास आहे. कियारीच्या माणसाने ती त्या दिवसापासून बंद करायची. झटक्याने मान फिरवणं, डोक्यावर ओझं, शीर्षासन, कुस्तीतला मानेचा पूल हे सगळं बंद. सांगली-कोल्हापूरकडचे पैलवान पोरगे हे ऐकून फार खट्टू होतात, मला कळतं. पण हा सांधा दुखावला तर चारी हातपाय जाऊ शकतात. खोकला आणि बद्धकोष्ठ अंगावर काढू नका, कारण दोन्हींमुळे डोक्यातला दाब वाढतो.

कोणत्याही कारणाने पाठीत सुई टोचायची वेळ आली, म्हणजे पाणी काढायचं असेल किंवा सिझेरियनची भूल द्यायची असेल, तर कियारी असल्याचं आधी सांगा. गरोदर बाईला नैसर्गिक बाळंतपण झेपतं की नाही हे लक्षणांवर ठरतं. सातव्या-आठव्या महिन्यातच न्यूरोसर्जन, बाळंतपणाच्या आणि भुलेच्या डॉक्टरांचं एकत्र मत घ्या.

घरी आल्यावर काय सांभाळायचं?

बहुतेक पेशंट आठवड्याच्या आसपास घरी येतात. पहिले दोन-तीन आठवडे मानेचे स्नायू खूप दुखतात आणि गोळा येतो. कापलेल्या स्नायूंचं ते दुखणं असतं, ऑपरेशन फसल्याची खूण नव्हे. पहिल्या दिवसापासून थोडं थोडं चाला. डोकं किंचित उंच ठेवून झोपा. डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय महिनोन् महिने पट्टा घालू नका, त्याने मान अजून कमजोर होते.

जखमेला हळद लावायची नाही. हळदीच्या पेठेत राहणाऱ्या माणसांना हे पटवणं अवघड जातं, पण या टाक्यांच्या खाली मेंदूचं आवरण आहे. हळद, तेल, राख, काहीही नाही. टाके निघेपर्यंत, म्हणजे साधारण १० ते १४ दिवस, जखम कोरडी ठेवा. हळदीचं दूध प्यायला हरकत नाही.

खुर्चीवरचं काम चार ते सहा आठवड्यांत सुरू होतं. वजन उचलणं, उसाची मोळी, पाण्याची कळशी हे तीन महिने तरी नाही, आणि नंतरही सर्जनला विचारून. द्राक्षबागेत काम करणाऱ्यांनी खास लक्ष द्या. मांडवाखाली छाटणी आणि विरळणी करताना तासन् तास मान मागे टाकून हात वर धरावे लागतात, आणि या ऑपरेशननंतर तीच हालचाल सगळ्यात जड जाते. ऑक्टोबरची छाटणी तोंडावर असेल तर त्या हंगामाला दुसरा माणूस बघा. खराब रस्त्यावर दुचाकीच्या मागच्या सीटवर बसून फॉलोअपला येऊ नका, एसटी किंवा गाडी करा.

पुन्हा ऑपरेशन लागतं का?

काहींना लागतं. पहिल्या वेळी जागा कमी मिळाली, आत चिकटलं, सांध्याचा ढिलेपणा लक्षात आला नाही, अशी कारणं असतात. पण पहिल्याच फॉलोअप एमआरआयमध्ये सिरिंक्स तसाच दिसला म्हणून घाबरू नका. लक्षणं वाढत नसतील तर ६ ते १२ महिने वाट बघतात, मग ठरवतात.

कोणत्या वेळी थांबायचं नाही, लगेच दवाखाना गाठायचा?

जखमेतून किंवा नाकातून पाण्यासारखं गळतंय. १०१ च्या वर ताप आणि मान आखडली आहे. डोकेदुखी वाढत जाते आहे आणि उलट्या होत आहेत. गिळताना गुदमरतंय, आवाज बसलाय, झोपेत श्वास थांबतोय. हातापायांत नव्याने कमजोरी आली, लघवी अडली किंवा कळेनाशी झाली. पेशंट गुंगीत जातोय. यातलं एक जरी दिसलं तरी रात्र काढू नका. १०८ ला फोन करा, मानेला झटका बसू न देता झोपवून न्या, आणि जिथे ऑपरेशन झालं तिथे गाडीतूनच कळवा. डिस्चार्ज कार्ड आणि एमआरआयची सीडी बरोबर घ्या. नवीन डॉक्टरांना जुनी फिल्म समोर दिसली तर त्यांचा खूप वेळ वाचतो.